विलायतेतला किराणा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशच्या प्रवासावर बोला, असा आपला आग्रह झाला. राजवाडे, पुतळे मीही पाहिले. पण मला बोलता येईल ते किराण्यावरच.

२०१९ साली लेकीच्या बाळंतपणासाठी मी लंडनला गेले. बरोबर घरच्या म्हशीचे किलोभर तूप होते. ते तिकडे उतरल्यावर विमानतळावरच काढून घेतले. आपल्याकडचे दूधदुभते प्रवाशाला तिकडे नेता येत नाही, हे आधी विचारायला हवे होते. दोष माझाच. पण बाहेर उभ्या असलेल्या जावयांसमोर डोळ्यांत पाणी आले ते आलेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वेम्बलीच्या ईलिंग रोडवर नेले. रस्त्याला गुजराती दुकानेच दुकाने. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून घालवून दिलेली पुष्कळ कुटुंबे इंग्लंडात आली, त्यांतली कितीतरी लंडनच्या या बाजूला स्थिरावली. तेव्हा माझी मोडकी गुजराती कामाला आली, इंग्रजी नव्हे!

अळीव मागितले तर दुकानदार बघतच राहिला. तांबूस बारीक बी, भिजले की बुळबुळीत होते, असे सांगितल्यावर आतून आजीबाई म्हणाल्या, "असेळियो!" मग कोडे सुटले. डिंक म्हणजे गुंदर, ओवा म्हणजे अजमो, बाळंतशोपा म्हणजे सुवा. जाणाऱ्या भगिनींनी ही नावे पदराला बांधून न्यावीत. तुपासाठी बिनमिठाचे लोणी आणून कढवले. बेरी थोडी निघाली, पण लाडू वळले गेले.

लेकीला डोहाळे मात्र कळण्याच्या भाकरीचे! ज्वारीचे पीठ पुडक्यात मिळाले, अख्खे काळे उडीद मिळाले. ते मिक्सरवर दळून चाळले. पहिली भाकरी थापता थापताच चिरली. पुडके पाहिले तर पीठ जुने. मग उकळते पाणी घालून मळले, तेव्हा साधली. पुडक्यावरची तारीख आधी पाहावी, एवढे ध्यानात ठेवा.

वांगी दिसायला मोठी, काळी, तुकतुकीत. पण आपल्या भरताच्या हिरव्या वांग्याची गोडी त्यांत नाही. पऱ्हाट्या तरी कुठल्या? गॅसवरच भाजली.

लेक दोन भाकरी खाऊन म्हणाली, "आई, भाकरी माहेरची, वांगे सासरचे!" तिसरी मागत होती. पण दिवस भरत आलेले, उडीद जड. म्हणून मी वाढली नाही.