कणकुंबीच्या रानात पहिली बंदूक



पाऊस ओसरला, भात पोटरीला आलं, की खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला एक विषय हमखास निघतो. कणकुंबीच्या चहाच्या टपरीवर निघतो, जांबोटीच्या बाजारात निघतो. "डुकरं काही हाताला लागू देत नाहीत. एखादी बंदूक घ्यावी म्हणतो. कुठली घेऊ?" विचारणारा तरुण असला, तर त्यानं मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ पाहिलेले असतात आणि त्याला बंदूक नको असते, रायफल हवी असते. दुर्बीण लावलेली.

तिकडचा नवखा शिकारी रायफल कशी निवडतो, ते आधी सांगतो. त्याला एकाच हत्यारानं दोन कामं करायची असतात. वासरं-मेंढरं उचलणारा कोयोट, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी, मारायचा असतो आणि हंगामात हरीणही मारायचं असतं. अशा माणसाला तिकडे बहुतेक जण .२४३ विंचेस्टर सुचवतात. १९५५ साली बाजारात आलेलं हे काडतूस. हलकी गोळी घातली तर कोयोटला पुरते, जड घातली तर हरणाला, आणि खांद्याला धक्का बेताचा बसतो. निवड शहाणपणाची आहे. पण तिकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम ठरलेला असतो, परवाना काढावा लागतो, कुणी किती मारायची याची मर्यादा असते. शिवाय १९३७च्या एका कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा तिथल्या वन्यजीवांसाठीच वापरला जातो.

हा हिशेब कणकुंबीत आणला की पहिल्याच ओळीला अडतो. सांबर, चितळ, भेकर, इवलीशी पिसोरी, यांतलं काहीही मारायला आपल्याकडे हंगामच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार बंद केली आहे. अभयारण्यात शिकार केली, तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे. तेव्हा हरणासाठी कुठली रायफल, याचं उत्तर 'कुठलीच नाही' असं आहे, आणि ते मी आडवळणानं सांगणार नाही.

राहिलं डुक्कर. त्याच्याबद्दलचा राग खरा आहे. एका रात्रीत कळप रताळ्याचं रान नांगरल्यासारखं उलथून टाकतो. भातात लोळतो, खातो त्याहून जास्त नासतो. पण रानडुक्करही याच कायद्याच्या आसऱ्याला आहे. उभ्या पिकाला धोका झालेलं जनावर मारायची लेखी परवानगी वन खात्याचे अधिकारी देऊ शकतात. ती हातात असेल तरच गोळी झाडायची. आणि अशा परवानगीनं मारलेलं जनावर सरकारजमा होतं. वाटे घालायचे नाहीत. हे ऐकल्यावर बंदूक घ्यायचा निम्म्या लोकांचा उत्साह मावळतो, असा माझा अनुभव आहे, आणि त्यातूनच कळतं की पिकाची काळजी किती होती आणि रश्श्याची किती.

आता हत्याराकडे येऊ. इथे निवड आपल्याआधी कायद्यानंच करून ठेवली आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं. तेवढ्यानं भागत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते, म्हणजे आपली बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. पीकसंरक्षणाच्या या सवलतीत रायफल नाही.

यामागे डोकं आहे. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. गोळी गरगर फिरत सुटते, म्हणून ती सरळ आणि लांब जाते. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात होणारी .३१५ची रायफल घ्या. डुक्कर हुकलं, तर तिची गोळी किलोमीटरभर पलीकडेही माणूस मारू शकते. आमच्या भागात किलोमीटरभर पलीकडे काय असतं? दुसरी वाडी असते, चोर्ल्याचा रस्ता असतो, आपल्यासारखाच माचावर राखणीला बसलेला शेजारी असतो. त्यात कणकुंबीचं धुकं. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, तिथे दुर्बीण घेऊन काय करणार? छऱ्याची बंदूक तीस-चाळीस मीटरच्या पुढे फारशी कामाची नसते. दुकानदार हा तिचा उणेपणा सांगेल, मी तोच गुण धरतो. तरीही डुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी लागल्याच्या बातम्या येत राहतातच. झुडूप हललं म्हणून चाप ओढायचा नाही. जनावर पूर्ण दिसलं पाहिजे आणि त्याच्या पाठीमागे माती दिसली पाहिजे.

ठासणीची बंदूक ज्यांनी वापरलेली नाही, त्यांना ती गमतीची वाटते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, गजानं ठासायचं, शेवटी केप चढवायची. एक बार काढला की पुन्हा भरेपर्यंत डुक्कर ओढ्यापार. पावसाळ्यात दारू सर्द होते आणि नुसता घोडा टक् करून पडतो. जखमी डुक्कर उलटून अंगावर आलं, तर हातात लोखंडाची नळी असलेली काठी उरते. म्हणून जुनी माणसं ती हवेत बार काढण्यासाठीच जास्त वापरत. आवाज दरीभर घुमतो, कळप दोन-तीन रात्री फिरकत नाही. इतकंच काम, पण राखणदाराला तेवढं पुरतं.

कणकुंबीकरांसाठी आणखी एक अट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या एका अंगाला २०११ साली जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य आहे, दुसऱ्या अंगाला गोव्याचं म्हादई अभयारण्य. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत बंदुकीचा नवा परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा ज्यांच्याकडे परवाना होता, त्यांनाही वन खात्याकडे नोंद करणं बंधनकारक झालं. परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात पाऊल टाकलं, तरी गुन्हा होतो. मग कुणीतरी म्हणतं, "कोडगूच्या लोकांना बरा परवाना लागत नाही!" खरं आहे. कोडवांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना शस्त्र परवान्यातून सूट आहे, केंद्र सरकारनं ती २०२९पर्यंत वाढवली आहे. पण ती सूट परवान्यापुरती. सांबर मारायची मुभा कोडगूतही नाही.

सगळ्यांत नाजूक भाग आता सांगतो. बंदूक मागणारे काही जण डुकराचं नाव घेतात आणि मनात बिबट्या असतो. गोठ्यातली कालवड गेलेली असते. इंग्रजांच्या काळात वाघ, बिबटे, कोळसुंदे मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, आणि नुसता वाघ-बिबट्याच नव्हे, आपल्या घाटातला कोळसुंदाही उपद्रवी ठरवून मारला गेला. हा कोळसुंदा, रानकुत्रा, खातो काय? सांबर खातो, भेकर खातो, डुकराची पिल्लं उचलतो. बिबट्याही तेच करतो. आपल्या नाचणीची राखण करणारे हे बिनपगारी गडी आहेत. त्यांना मारून मग डुकरासाठी बंदूक मागणं हा उफराटा व्यवहार आहे.

घाट उतरला की गोव्याचा सत्तरी तालुका. तिथल्या गोळावली गावाजवळ जानेवारी २०२०मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विष घातलेलं होतं. त्याआधी वाघानं गुरं मारली होती. गुरं गेलेल्या माणसाचं दुःख मी हलकं मानत नाही, दूधदुभत्यावर चूल पेटणाऱ्या घराला एक म्हैस म्हणजे सगळं असतं. पण म्हैस परत आली नाही, वाघ गेले आणि घरची माणसं पोलिसांच्या दारात उभी राहिली. ते विष होतं, बंदूक असती तरी शेवट तोच झाला असता.

भरपाई मागायची सवय आपल्याला कमी आहे. कर्नाटकात वन खातं पिकाची आणि गुरांची नुकसानभरपाई ई-परिहार पद्धतीनं देतं. पीक उलथलेलं असताना, पावलांचे ठसे ओले असतानाच फोटो काढा आणि वन कार्यालयाला कळवा. गोठ्यातलं जनावर मेलं तर वनरक्षक येऊन पाहीपर्यंत ते हलवू नका. पैसे उशिरा येतात, कमीही येतात, याबद्दल तुमची तक्रार योग्यच आहे. तरी सौरकुंपणाला मिळणारं अनुदान आणि दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून केलेली पाळीची राखण यांनी जेवढं पीक वाचतं, तेवढं एकट्याच्या बंदुकीनं वाचलेलं मी पाहिलेलं नाही. मात्र खांबावरची वीज तारेत सोडू नका. सौरकुंपणाचा झटका क्षणाचा असतो आणि जनावर पळून जातं. थेट विजेच्या तारेवर डुक्कर मरतं, तसा पहाटे पाणी लावायला निघालेला माणूसही मरतो.

ज्याला नेमबाजीचीच ओढ आहे, त्या पोरानं कोल्हापूरकडे बघावं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याच मातीतल्या. तिथली सुरुवात एअर रायफलनं होते आणि लक्ष्य कागदाचं असतं. माझ्या मते पहिली रायफल तीच घ्यावी.

शेवटी एक विनंती. आपल्या बऱ्याच घरांत आजोबांची, वडिलांची ठासणीची बंदूक माळ्यावर पडून आहे. ज्याच्या नावावर परवाना होता तो माणूस गेला, की परवानाही संपतो, वारसाला तो आपोआप मिळत नाही. अशी बंदूक घरात ठेवणं बेकायदा आहे. ती जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा, पावती घ्या, आणि हवी असेल तर स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करा. येत्या सुगीआधी एवढं काम उरकून घ्या.