आधी गच्ची, मग रंग

(रौप्यमहोत्सवी समारंभात माजी खजिनदारांनी केलेले भाषण)



कमिटीने मला ‘२५ वर्षांचा आर्थिक आढावा’ असा विषय दिला आहे. आढावा दरवर्षी अहवालात छापून येतो आणि दरवर्षी न उघडता रद्दीत जातो. मी ११ वर्षे तो तयार केला, त्यामुळे मला हे बोलायचा हक्क आहे. म्हणून आज आकडे थोडेच सांगतो.

हा तुकडा बघा. जरा मागच्यांनाही दिसू द्या. सोसायटीच्या ऑफिसात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, हा ८ वर्षे पडून आहे. ही जी तांबूस रेघ दिसते आहे ना, तो गंज आहे. स्लॅबच्या सळईला चिकटलेला हा भाग.

सोसायटीला १५ वर्षे झाली तेव्हा आपण इमारतीला रंग काढला, आठवतंय? गणपतीच्या आधी. फिकट पिवळा, त्यावर चॉकलेटी पट्टा. ४ लाखांच्या आसपास खर्च आला. सर्वसाधारण सभेत ‘पैसे शिल्लक आहेत, रंग काढून टाकू’ असं म्हणणारा खजिनदार मीच होतो, आणि टाळ्याही पडल्या होत्या. त्याच सुमारास चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा एक अर्ज आला होता, की स्वयंपाकघराच्या छताला ओल येते. पुढे आणखी दोन अर्ज आले. तिन्हींवर मी माझ्या अक्षरात ‘नोंद घेतली’ असं लिहून फाइलला लावले. फाइल अजून आहे, कोणालाही पाहता येईल.

दोन पावसाळे गेले. एका रात्री त्यांच्या ओट्यावर छताचा गिलावा कोसळला. रात्रीची वेळ म्हणून ओट्याशी कोणी नव्हतं. पुढच्या सभेला वहिनी आल्या त्या पेपरात गुंडाळून हा तुकडा घेऊन. काही भाषण नाही, भांडण नाही. माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, याचीपण नोंद घ्या.’’

त्यानंतर आपण स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. खरं तर उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ते दर ५ वर्षांनी करायचंच असतं, ३० नंतर दर ३ वर्षांनी. आपण दोन वर्षे उशिरा जागे झालो. इंजिनिअर साहेबांनी हातोडीने एकेक कॉलम ठोकून दाखवला. चांगल्या जागी टणक आवाज, खराब जागी पोकळ. त्यांनी समजावलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. पाणी आत झिरपलं की सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की आजूबाजूचं काँक्रीट फोडते. भेगेतून आणखी पाणी जातं. आपला रंग या सगळ्यावर मस्त झाकण घालून बसला होता. गच्चीचा कोबा तडकलेला, पावसाच्या पाइपच्या सांध्यात पिंपळ उगवलेला, आणि आपण खाली उभे राहून चॉकलेटी पट्टा सरळ आलाय का ते बघत होतो!

अंदाजपत्रक आलं. गच्ची आणि पाइप साडेआठ लाख. कॉलम, बाहेरचा गिलावा, परांची आणि शेवटी रंग मिळून १८ लाख. फंडात होते ६ लाख १० हजार.

एवढेच का होते? कारण उपविधींत दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का सांगितला आहे. ‘किमान’ हा शब्द आपण विसरलो. ४ लाख बांधकाम खर्चाच्या सदनिकेला पाऊण टक्का म्हणजे वर्षाला ३००० रुपये, महिन्याला २५०. आपल्या ३२ घरांचे मिळून वर्षाला ९६ हजार. आता गंमत बघा, टक्का निघतो बिल्डरच्या काळातल्या किमतीवर आणि गवंडी मजुरी मागतो आजच्या भावाने. दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो, आणि सभेत ५० रुपये वाढवायचं म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या ५० रुपयांची फेड मग प्रत्येक घराने ६५ हजारांनी केली.

त्या सभा मी विसरणार नाही. तळमजल्यावरचे काका म्हणाले, ‘‘गच्ची वरच्यांची, आम्ही का भरायचं?’’ त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण गच्चीची गळती, बाहेरच्या पाइपलाइन, कॉलम हे सोसायटीच्याच खर्चाचं काम आहे. आतल्या संडास-बाथरूमची गळती ज्याची त्याने बघायची. दोन घरांमधली ती भांडणं मात्र अजून मिटलेली नाहीत, त्यात मी आज पडत नाही.

खरा प्रश्न होता ज्यांच्याकडे एकरकमी ६५ हजार नव्हते त्यांचा. पेन्शनवर जगणारी पाच घरं होती, एका घरी नोकरी नुकतीच गेली होती. सभेत कोणीतरी थकबाकीवर २१ टक्के व्याजाची आठवण करून दिली. तेव्हाच्या नियमाने तेवढं लावता येत होतं. पण शेवटी सगळ्यांनाच २६ हप्ते ठरले, महिना २५००, जानेवारीपासून. फंडात तीन हप्त्यांची भर पडली तेव्हा बरोबर साडेआठ लाख जमले आणि मे संपायच्या आत गच्ची झाली. नवा कोबा, पाइपकडे नीट उतार, मग गच्चीत पाणी तुंबवून दोन दिवस ठेवलं. वहिनींच्या घरी छताकडे बघत मीही बसलो होतो. चहा दोनदा झाला, थेंब पडला नाही.

कॉलमचं काम पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर घेतलं. रंग त्याच परांचीवरून काढला, त्यामुळे परांचीचा खर्च एकदाच झाला. पहिल्या रंगाची परांची, मजुरी, सगळं मात्र खरवडून टाकलेल्या गिलाव्याबरोबर गेलं. ते ४ लाख माझ्या नावावर लिहा.

आता हे सगळं सणाच्या दिवशी का उकरून काढतोय? तर तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या ऑडिटमध्ये जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं आहे. झाकणाजवळच्या स्लॅबची सळई उघडी पडली आहे आणि एका भिंतीतून पाणी जातं, ३ वर्षांत काम करा, असं. ती मुदत यंदा संपते. आणि सभेच्या विषयपत्रिकेवर दोन प्रस्ताव आहेत. टाकीची दुरुस्ती, आणि रौप्यमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट व कमान. दोन्हींना पुरतील एवढे पैसे नाहीत.

कमान मलाही आवडेल हो. पाहुण्यांना पत्ता सांगायला बरं पडतं. पण त्या झाकणावरून रोज संध्याकाळी आपली पोरं सायकली नेतात, आणि त्याच टाकीचं पाणी ३२ घरं पितात. माझं मत मी सभेत देईनच. तुम्ही निदान मत देण्याआधी एकदा सोसायटीच्या प्लंबरबरोबर झाकण उघडून आत बघा. टॉर्च माझ्याकडे आहे.

ऑडिटचा अहवाल, तिन्ही कोटेशन आणि वहिनींच्या अर्जांची फाइल ऑफिसात टेबलावर ठेवली आहे. सभा होईपर्यंत दर रविवारी १० ते १२ मी तिथे बसेन. तुकडा परत कपाटात ठेवतो.