उन्हानं काढलेलं चित्र

पूर्णेहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतोय.

पाऊस पडला की बांधावर तरोटा उगवतो. आपण तरोटा म्हणतो, कोकणात त्यालाच टाकळा म्हणतात. नाव बदललं की झाड तेच का दुसरं, हे कळत नाही. चित्र असलं की वाद मिटतो. पण चित्र हुबेहूब पाहिजे.

इंग्लंडच्या ॲना ॲटकिन्स बाईंपुढं हीच अडचण होती. त्या समुद्रातलं शेवाळ गोळा करायच्या. त्याचे केसासारखे धागे हातानं काढायचे कसे? 1842 मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं एक रीत शोधली. लोखंडाचे क्षार कागदाला लावायचे, कागद अंधारात वाळवायचा. त्यावर शेवाळ, वर काच, आणि उन्हात ठेवायचं. मग साध्या पाण्यानं धुवायचं. ऊन लागलं तिथं कागद गर्द निळा, शेवाळाखाली पांढरा. कॅमेरा नाही, तरी आकार जेवढ्यास तेवढा! रेल्वेचे, इमारतींचे निळे नकाशे पुढं याच रीतीनं निघू लागले.

1843 पासून दहा वर्षं बाईंनी अशी पानं तयार केली. फोटोंचं हे जगातलं पहिलं पुस्तक मानतात. अभ्यासाला उपयोगी आणि बघायलाही देखणं. पण त्यावर त्यांचं नाव म्हणून फक्त ‘ए. ए.’ एवढीच अक्षरं. नंतर कुणी त्याचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला!

आपल्याकडंही तसंच झालं. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती बाग होती. तिथं 1847 ते 1850 या काळात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी एका भारतीय चित्रकाराकडून झाडांची दीडशेहून जास्त चित्रं काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलीत. गिब्सन यांचं नाव राहिलं. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

म्हणून आमचं म्हणणं आहे, आपण रानभाज्यांची वही करू. पान, फूल, शेंग यांचा मोबाइलवर जवळून फोटो काढा. शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे आकार कळेल. खाली तारीख, गाव आणि आपल्याकडचं नाव लिहा. नुसता फोटो पाहून अनोळखी पाला शिजवू नका. जाणत्या बाईला विचारा. आणि जिनं सांगितलं, तिचं पूर्ण नाव वहीत लिहा. ‘गावातली एक आजी’ एवढ्यावर भागवू नका.