मासळी, मीठ आणि जंतू



मीठ लावलेली मासळी निर्धोक, अशी समजूत आपल्या किनाऱ्यावर घरोघरी आढळते. १९५० च्या ऑक्टोबरात जपानातील ओसाका येथे अर्धवट सुकविलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली. त्यांपैकी २० दगावली. डॉ. त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्या प्रसंगी जो जंतू शोधून काढला, त्याला वाढण्यास मीठच लागते! समुद्राच्या उबदार पाण्यात तो राहतो आणि अनुकूल उष्णतेत दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. पोटात कळा, जुलाब व वांती ही त्याची लक्षणे बहुधा एका दिवसात दिसतात.

मासळी पूर्ण शिजविल्यास हा जंतू मरतो. परंतु कच्ची मासळी चिरलेल्या विळीवरच काकडी चिरली, किंवा कच्च्या मासळीच्या ताटात तळलेली तुकडी ठेवली, की तो पुन्हा अन्नात शिरतो. म्हणून मासळी बर्फात ठेवावी, पुरती शिजवावी, आणि विळी, ताट व हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

हा पाठ फळ्यावर लिहून संपवू नये. सायंकाळी ती विळी पुष्कळदा आपल्याच विद्यार्थिनींच्या हाती असते; तेथपर्यंत तो पोहोचला, तरच आपण शिकविले असे म्हणता येईल.