रात्रपाळीची झोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी विषय घेतला आहे झोपेचा. आपल्यांतल्या कितीतरी घरच्या लेकीसुना आज रात्रपाळी करतात. कोणी परिचारिका आहे, कोणी कॉल सेंटरमध्ये आहे. सकाळी नऊला त्या पाठ टेकतात आणि लगेच कानांवर येते, “सूर्य डोक्यावर आला, तरी बाईसाहेब झोपलेल्या!” या टोमण्याला शास्त्र काय उत्तर देते, ते ऐका.

डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूत जेथे एकमेकांना ओलांडतात, त्याच्या वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. उजेड पाहून ते रोज आपली वेळ लावून घेते. रात्र झाली, की त्याच्या इशाऱ्याने पीनियल ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचे हॉर्मोन पाझरू लागते. येल विद्यापीठाच्या ॲरन लर्नर यांनी १९५८ साली ते गुरांच्या ग्रंथींतून वेगळे काढले. हे हॉर्मोन शरीराला सांगते, ‘रात्र झाली.’ दुसरे हॉर्मोन कॉर्टिसोल. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असते, पहाटेपासून चढत जाते आणि सकाळी भरास येते. पेशींतले घड्याळ कसे चालते, हे फळमाशीवर प्रयोग करून उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पाहा. रात्रभर दिव्याच्या उजेडात काम केले, की मेलाटोनिन दबते. घरी येऊन डोळा मिटावा, तर अंगातले घड्याळ ‘ऊठ, ऊठ’ म्हणत असते. म्हणून दिवसाची झोप तुटक आणि अपुरी होते. तुम्हांला जी फार झोपते असे वाटते, तिची झोप खरोखर कमीच पडत असते. वर्षानुवर्षांच्या रात्रपाळीने कर्करोगाचा धोका वाढण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली नोंदवले. हे भिववण्यासाठी सांगत नाही. काळजी घेतली जावी म्हणून सांगते.

नोकरी सोडणे प्रत्येकीला परवडत नाही. पण घराला थोडे करता येते. तिच्या खोलीला जाड, गडद पडदा लावा. त्या वेळात तिला हाक मारू नका, निरोप थांबवून ठेवा. स्वयंपाक आणि मुलांची शाळा घरातल्या इतरांनी, पुरुषांनीसुद्धा, वाटून घ्यावी. आणि शेजारीण काही बोललीच, तर सासूबाईंनी पुढे होऊन सांगावे, “माझी सून रात्रभर कामावर होती. आता तिची रात्र आहे.”