रात्री तीनची भीती आणि गायब झालेले आईबाप : ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’

आजचा भाग हॉरर सिनेमावर आहे. कोणी रात्री एकट्याने, हेडफोन लावून ऐकत असेल तर घाबरू नका, मी मध्येच किंचाळणार नाहीये. एकच सूचना: स्पॉयलर आहेत, शेवटासकट. पिक्चर २००५चा आहे, त्यामुळे मी फार अपराधी वाटून घेणार नाही.

पिक्चर आहे ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’. दिग्दर्शक स्कॉट डेरिक्सन, ज्याने पुढे ‘डॉक्टर स्ट्रेंज’ केला. मी हा पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पाहिला. एका लॅपटॉपसमोर सहाजण. त्यानंतर आठवडाभर मला रात्री बरोबर तीनला जाग यायची. पिक्चर पाहिलेल्यांना कळलं असेल का ते.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एमिली कॉलेजात शिकणारी, श्रद्धाळू कॅथलिक घरातली मुलगी. हॉस्टेलवर एका रात्री तीन वाजता तिला जळका वास येतो, आणि कुणीतरी अदृश्य आपल्याला दाबून धरलंय असं वाटतं. डॉक्टर म्हणतात अपस्मार आहे, सोबत मानसिक आजार आहे. घरच्यांना वाटतं सैतानाने झपाटलंय. फादर मूर तिच्यावर एक्झॉर्सिझम करतात, म्हणजे सैतान उतरवण्याचा चर्चचा विधी. मुलगी मरते आणि फादरवर खटला उभा राहतो. पिक्चर सुरू होतो तो तिच्या मृत्यूनंतर. म्हणजे हॉरर आणि कोर्टरूम ड्रामा, दोन्ही एकात.

आधी जे जमलंय ते बोलू.

पहिली गोष्ट जेनिफर कारपेंटर. एमिलीचं काम तिने केलंय. शरीर वाकवणं, बोटं आखडणं, जबडा ताणणं, यातलं बरंचसं तिने स्वतः केलंय, कॉम्प्युटर इफेक्टवर फार सोडलेलं नाही. म्हणून ते खोटं वाटत नाही. आणि ती नुसती भीतीदायक दिसत नाही, तिची दया येते. हॉररमध्ये हे फार कमी वेळा होतं.

दुसरी गोष्ट, माणसांची मांडणी. फादरचा बचाव करणारी वकील एरिन, म्हणजे लॉरा लिनी, तिचा देवाबद्दल काही ठाम विश्वास नाही. आणि फादरच्या विरोधात उभा असलेला सरकारी वकील मात्र नियमित चर्चला जाणारा. इतर कुणी असता तर सरळ उलटं लिहिलं असतं. टॉम विल्किन्सनने केलेले फादर मूरही भोंदू नाहीत. पैसा नको, नाव नको, त्यांना फक्त एमिलीची गोष्ट जगाला सांगायचीय. त्यामुळे आपल्याला पटकन बाजू घेता येत नाही.

आता कमकुवत बाजू.

पिक्चर म्हणतो, दोन्ही बाजू ऐका, ठरवा तुम्ही. पण पत्ते आधीच लावलेले आहेत. बघा ना, डॉक्टरांची बाजू येते मुख्यतः शब्दांत, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसून. एमिलीचा अनुभव येतो चित्रातून, आवाजातून, अंधारातून. ही लढत बरोबरीची कशी होणार? त्यात वकीलबाईंचं घड्याळही तीनला बंद पडतं. साक्ष द्यायला निघालेला डॉक्टर नेमका गाडीखाली येतो. आता एमिलीचा मेंदू आजारी असेल, पण घड्याळाला कुठला अपस्मार?

दुसरं म्हणजे, कोर्टात एक तज्ज्ञ बाई येऊन सांगते की गोळ्यांमुळेच विधीचा परिणाम झाला नाही. म्हणजे औषध हाच बग! आणि पिक्चर ते बऱ्यापैकी गंभीरपणे मांडतो. कुणाच्या तरी घरात फिटच्या गोळ्या चालू असतील, त्यांनी हे पाहून गोळ्या थांबवल्या तर? मला हे खरंच धोकादायक वाटतं.

पण सगळ्यात मोठा दोष मला खूप उशिरा दिसला. त्यासाठी खरी केस माहीत हवी.

पिक्चर आधारित आहे आनेलीझ मिशेल या जर्मन मुलीवर. गाव क्लिंगेनबर्ग, बव्हेरिया. तिला अपस्माराचं निदान झालं होतं, औषधं चालू होती. १९७५मध्ये बिशपच्या परवानगीने विधी सुरू झाले. साधारण दहा महिन्यांत ६७ वेळा. त्यातल्या बऱ्याच सत्रांचं टेपवर रेकॉर्डिंग झालं. १ जुलै १९७६ला ती गेली. वय २३, वजन जेमतेम ३० किलो. कारण उपासमार आणि शरीरातलं पाणी कमी होणं. १९७८मध्ये खटला चालला आणि आरोपी एक नव्हता, चार होते. दोन धर्मगुरू, आणि तिचे आई आणि वडील. चौघांनाही निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी धरलं. शिक्षा सहा महिन्यांची, तीही स्थगित.

पिक्चरमध्ये आरोपीच्या खुर्चीत फक्त फादर आहेत. आईबापांना तिथून उठवलंय. शेवटी ज्युरी फादरला दोषी ठरवते, पण जेवढी कैद भोगली तेवढीच पुरे अशी शिफारस करते, आणि ते सुटतात. आपण सुस्कारा टाकतो.

हे मला का लागलं, ते सांगतो. माझ्या एका मामेबहिणीला लहानपणी फिट यायच्या. मी तेव्हा सहावीत. गावाकडे सगळे म्हणाले, बाहेरचं आहे. एका देवऋषीकडे नेलं. धूर, अंगारा, लिंबाच्या डहाळीचे फटके. मला सांगितलं, ताईचे पाय धर. मी धरले. त्या माणसाचा चेहरा आज आठवत नाही, पण माझ्या हातातले ताईचे पाय आठवतात. असं सात-आठ महिने चाललं. मग एका शाळामास्तरांनी मामाला जवळजवळ भांडूनच शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. आज ताई स्वतः शिक्षिका आहे.

मामी वाईट होती का? अजिबात नाही. लेकीसाठी ती गुरुवार, शनिवार कडक उपास करायची. मुद्दा तोच आहे. असल्या गोष्टीत खलनायक बाहेरून येत नाही. जीव लावणारी माणसंच पाय धरून बसतात. आनेलीझच्या आईबापांचंही तिच्यावर प्रेमच होतं. त्यांना खटल्यातून वगळलं की प्रेक्षक म्हणून आपणही सुटतो. मग उरतो एकच प्रश्न: सैतान होता की आजार? रात्री हॉस्टेलवर वाद घालायला मस्त प्रश्न. पण समजा, सैतान होता असं मानलं, तरी ३० किलोच्या मुलीला सलाईन लावायला कुणी अडवलं होतं?

आपल्याकडे २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा त्यात गुन्हा आहे. तो देव मानण्याच्या आड येत नाही. ताई आजही सकाळी देवाला दिवा लावते. आणि मग गोळी घेते.

मागच्या महिन्यात मी तिला हा पिक्चर दाखवला. जरा भीत भीतच. संपल्यावर विचारलं, तुला तेव्हा काय वाटायचं गं? म्हणाली, “फिट येऊन गेली की मला काही आठवायचंच नाही रे. पण डोळे उघडल्यावर तुम्ही सगळे माझ्याकडे कसे बघायचात, ते आठवतं. या पोरीने ते बरोबर केलंय.”

म्हणजे पिक्चरची सगळ्यात मोठी ताकद तिने एका वाक्यात सांगितली. एमिलीचं एकटेपण खरं आहे. खोटा आहे तो खटला.

तर बघावा का? बघा. जरूर बघा. पण पाठोपाठ ‘रेक्विएम’ नावाचा जर्मन पिक्चरही बघा, २००६चा, याच केसवरून सुचलेला. त्यात सैतान दिसत नाही, घड्याळं बंद पडत नाहीत. एक मुलगी, तिची आई, तिचे वडील, बस्स. सांड्रा ह्यूलरला त्यासाठी बर्लिनमध्ये अभिनयाचं सिल्व्हर बेअर मिळालं. तो बघून मला तीनला जाग आली नाही. मला झोपच लागली नाही.

आणि शेवटचं. तुमच्या घरात, शेजारी कुणाला फिट येत असतील, कुणी विचित्र वागत असेल, तर आधी डॉक्टर. नवस नंतर फेडा, देव थांबेल.