राब आणि रेणू



मुरबाड सोडल्यापासून टोकावड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाजलेल्या राबांचे काळे चौकोन दिसत होते. शेण, कवळं, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर आणि वारा बघून लावलेली आग. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते आणि पावसात तिथेच भाताचं रोप तरारतं. बियाणं कितीही चांगलं असो, राब नीट भाजला नाही तर रोप खुरटतं, हे इथल्या आजीला सांगावं लागत नाही. आमच्या प्रयोगशाळेला मात्र ते कळायला दोन वर्षं लागली.

आमचा विषय सेंद्रिय ट्रान्झिस्टरचा. इथे सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या रेणूंचा. वीज वाहून नेणारं प्लास्टिक १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी दाखवलं, त्याबद्दल २००० साली त्यांना नोबेल मिळालं. त्या जातीच्या पदार्थाचा ट्रान्झिस्टर १९८६ साली जपानात झाला. स्फटिकी सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनांची गतिशीलता १४०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंदाच्या आसपास, तर पेंटासीनसारख्या रेणूच्या थरात प्रवाहाच्या कणांची गतिशीलता त्याच एककात एकाच्या आगेमागे. म्हणून जो तो नव्या रेणूच्या शोधात. आम्हीही तेच केलं. ट्रान्झिस्टर मंद चालला की दोष पदार्थाला, की मागवा दुसरा पदार्थ.

दोष पदार्थात नव्हता, तो खालच्या जमिनीत होता. पन्नास नॅनोमीटर जाडीच्या थरात प्रवाह वाहतो तो तळाच्या एकदोन रेणूंच्या पदरातून, जिथे तो सिलिकॉन ऑक्साइडच्या विद्युतरोधकाला टेकलेला असतो. सिलिकॉन ऑक्साइडच्या उघड्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. ते पाणी धरतात, प्रवाहातले कण अडकवून ठेवतात आणि वर बसणाऱ्या रेणूंची रांग बिघडवतात. त्यावर ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन नावाच्या लांब शेपटीच्या रेणूंचा एकपदरी थर चढवला, की रेणू शिस्तीत उभे राहतात. हाच आमचा राब. पण हे रसायन ओलाव्याला फार हळवं. जुलैत कुणीतरी खोलीचं दार उघडं टाकलं, द्रावण गढूळलं, काचेवर पांढरे ठिपके आले आणि सगळी खेप वाया गेली. त्या दिवशी आमच्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने दाराला स्वतःच्या हाताने पाटी लावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसरी अडचण इलेक्ट्रोडची. खाचर कितीही समतल करा, बांधाची मोरी बुजलेली असेल तर पाणी आत येणार कुठून? सोन्याच्या पट्टीवर पेंटासीन चढवलं, तर पट्टीलगत त्याचे दाणे बारीक पडतात आणि प्रवाह तिथेच अडखळतो. दोन पट्ट्यांमधली वाट जितकी आखूड, तितका हा तोंडाचा अडथळा जास्त जाणवतो. यावर उपाय थायॉलचा: गंधकाच्या टोकाने धातूला चिकटणारा एक पदर. त्यातही फ्लोरिनयुक्त थायॉल घेतलं, तर धातूचं कार्यफलन, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, वाढतं आणि कण सहज आत शिरतात. मला याचं अप्रूप वाटतं ते असं की, मग महाग सोन्याऐवजी चांदीवरही काम भागू शकतं.

हे सारं कशासाठी, असं मुलं विचारतील. आयआयटी मुंबईत रामगोपाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिमरच्या सूक्ष्म पट्टीतच पेंटासीनचा ट्रान्झिस्टर बसवला. ते काम २०१२ साली प्रसिद्ध झालं. एका टोकाने धरलेल्या त्या पट्टीवर रेणू चिकटले की ती किंचित वाकते आणि तेवढ्यानेही प्रवाह बदलतो. हवेतली वाफ ओळखणारा संवेदक असा तयार होतो. पॉलिमर मऊ म्हणून पट्टी वाकते, आणि अशा पट्टीवर सिलिकॉनची भट्टी चालत नाही. तिथे मंद म्हणून हिणवलेले हेच रेणू कामी येतात.

शाळेत ट्रान्झिस्टर करता येणार नाही. पण जमीन कशी तयार झाली, हे डोळ्यांनी बघता येतं. या टेबलावर काचेच्या दोन पट्ट्या आहेत: एक नुसती धुतलेली, एक त्या एकपदरी थराची. जेवण झाल्यावर मुलांनी पुढे यावं आणि दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडावा. एकीवर तो पसरेल, दुसरीवर न पसरता फुगीर राहील. राब कुठला भाजलाय, ते मला तुम्हीच सांगायचं आहे.